कल्पनानं पक्ष बदलला तेव्हा

"बाई, उतरा आता. गाडी सोडायचीय."

"सोडू नका."

"अहो, मागं दीडशे माणूस उभंय."

"तेवढ्यासाठीच म्हणतेय, सोडू नका."

मी पार्कातल्या रोलर कोस्टरच्या, म्हणजे आमच्या घोरपडीच्या, शेवटच्या डब्यात, उजव्या सीटवर बसून होते. फेरी संपली होती, मांड्यांवरचा बार वर गेला होता, बाकीची माणसं केस सारखे करत जिन्यानं उतरली होती. मी मात्र दोन्ही हातांनी सीटची कड धरून ठेवली होती. लाल टोपीवाल्या ऑपरेटरनं आधी हसून बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, मग जाळीपलीकडच्या रांगेकडे. रांगेतून एकजण ओरडला, "काकू, घरचा सोफा न्हाई त्यो!" दुसऱ्यानं भर घातली, "काकांना फोन लावा, न्यायला या म्हणावं!"

कल्पना प्लॅटफॉर्मवर उभी होती. मिनिटापूर्वी ती माझ्या शेजारी, डाव्या सीटवर होती. तिच्या किरमिजी स्वेटरच्या पाठीवर खडूचा पांढरा पट्टा उमटला होता, आणि त्या पट्ट्यामुळेच मी अडून बसले होते.

"मालन, ऊठ. लोकं हसायला लागली."

"हसू देत. मुलाणी मिस्त्रींना बोलवा. ह्या सीटचा बार डावीकडून सुटत चाललाय. आज नाहीतर पुढच्या महिन्यात इथून कुणीतरी बाहेर फेकलं जाईल. ते आले की उठते."

ही सतरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. कराडात ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं माझं दुकान होतं, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी एसटी पकडून हायवेवरच्या एका पार्कात जायचे आणि रोलर कोस्टरमध्ये बसायचे. घरच्यांनी पहिलं वर्षभर नावं ठेवली, मग थकून सोडून दिलं. पोरीला घेऊन गेले होते एकदा, तिला उलटी झाली आणि मला वेड लागलं, एवढंच त्याचं कारण.

माझ्यासारखी आणखी सहा-सात माणसं होती. वर्षाचा पास काढलेली, आपसांत भांडणारी. पॉलिटेक्निकातून रिटायर झालेले देशमाने सर आमचे प्रमुख, कारण मतांचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. आमचा नियम कडक होता. कुठल्याही राइडबद्दल तोंड उघडायचं तर आधी तीनदा बसायचं: एकदा पुढं, एकदा मधे, एकदा मागं. त्याशिवाय दिलेलं मत सर लिहून घेत नसत. पुढं बसणाऱ्याला उतार दिसतो, मागं बसणाऱ्याला तो ओढून नेतो, आणि मधे बसणारा घरी जाऊन सांगतो की मजा आली. माझं पहिल्यापासून मत, शेवटचा डबा. घोरपडीचं पाटीवरचं नाव काहीतरी भारी इंग्रजी होतं. चढावर ती साखळीला कटकट कटकट करत चिकटून वर जायची, म्हणून आम्ही घोरपड म्हणायचो.

उतारावर माणूस सीटवरून उचललं जातं, त्या क्षणासाठी आम्ही सगळे जायचो. त्याला आम्ही उचल म्हणायचो. कुठल्या सीटला जास्त उचल आहे यावर तासन्‌तास वाद चालायचे, आणि प्रत्येकजण आपापल्या पोटातल्या गोळ्याचा पुरावा द्यायचा. मी शिंपीण. मला मापाशिवाय बोललेलं आवडत नाही. मी शिवणाचा खडू घेऊन जायला लागले. बसण्याआधी सीटच्या पाठीवर खडूची एक जाड आडवी रेघ ओढायची. माणूस उचललं जाऊन खाली आलं की ती रेघ त्याच्या पाठीवर पसरते. पट्टा जेवढा रुंद, तेवढी उचल. दोन बोटं, अडीच बोटं, मी वहीत लिहून ठेवायचे. देशमाने सर म्हणायचे, "मालनबाई, हे शास्त्र नव्हे, ही धुलाई वाढवायची युक्ती आहे." पण गुपचूप मला विचारायचे, "पुढच्या डब्याला किती आली हो?"

कल्पना ओतारी ह्या मंडळात असून मंडळाच्या विरोधात होती. ती उंब्रजच्या अलीकडच्या एका गावची. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. एकट्या आलेल्या माणसांना ऑपरेटर जोडीनं बसवतात, तशी तीन वर्षांपूर्वी तिला माझ्या शेजारी बसवली होती. दोघी सारख्याच अंगाच्या, दोघी अडुसष्ट-सत्तर किलोच्या आसपास. खाली उतरल्यावर तिनं मला न विचारता सांगितलं, "खड्ड्यातली एसटी आहे ही. फक्त ओरडायला मोकळीक."

तिचा जीव डुबकीवर. म्हणजे पाण्याची राइड: होडीत बसून उंचावरून सरळ पाण्यात आपटायचं. मी म्हणायचे, "ती राइडच नव्हे, तिकीट काढून केलेली अंघोळ आहे." ती म्हणायची, "तुझ्या घोरपडीवरून उतरल्यावर माणूस होतं तसंच असतं. पाण्यातून बाहेर आलं की बघ. पावडर, केसांचा फुगा, साहेबपणा, सगळं उतरलेलं असतंय. भिजलेल्या माणसाला सोंग करता येत न्हाई." देशमाने सरांना ती एकदा आग्रह करून होडीत घेऊन गेली, आणि सरांनी टकलावर आडवे फिरवलेले केस पाण्यानं खांद्यावर आले, तेव्हापासून ह्या मतावर मंडळात कुणी वाद घालत नसे.

पण ऑक्टोबरात एक नवल झालं. कल्पना म्हणाली, "मालन, पटलं मला तुझं. डुबकीत काय न्हाई. चल, घोरपडीला."

मी सरांकडून रजिस्टरमध्ये लिहूनच घेतलं: ओतारी यांचा पक्षबदल. पेढे वाटायचे तेवढे राहिले. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही दोघी शेवटच्या डब्यात, ती डावीकडे आणि मी उजवीकडे. दोघींच्या मांड्यांवर मिळून एकच बार. पाच महिन्यांत तिनं होडीकडे ढुंकून बघितलं नाही. मी जिंकले होते, आणि जिंकलेलं माणूस प्रश्न विचारत नाही.

फक्त पट्टे जुळत नव्हते. ऑक्टोबरात दोघींची उचल दोन-दोन बोटं. नोव्हेंबरात माझी दोन, तिची अडीच. डिसेंबरात तिची तीन. जानेवारीत पावणेचार. आणि आज तिच्या स्वेटरवर मी बोटं ठेवून बघितली तर साडेचार. माझी तेवढीच, दोन. एकच बार, एकच डबा, एकाच उताराला दोघींच्यात अडीच बोटांचा फरक. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. डाव्या बाजूनं बार दर महिन्याला थोडा थोडा सैल होतोय. आणि त्या बाजूला कल्पना बसते.

मुलाणी मिस्त्री आले ते हात पुसतच. साठीला टेकलेले, निळ्या ड्रेसमधले, पार्कात सगळ्यात कमी बोलणारे. मी वही पुढं केली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, सगळे आकडे वाचले. हसले नाहीत, त्यामुळे मला ते तिथंच आवडले.

"पाच म्हैने लिवलंय तुमी हे?"

"तीन वर्षं लिहितेय. ह्या सीटचे पाच महिने."

"गेट बंद कर," ते ऑपरेटरला म्हणाले. "अर्धा तास."

रांगेतून जे काय ऐकू आलं ते मी इथं लिहीत नाही.

मिस्त्रींनी बार खाली घेतला, वर घेतला, कान लावून त्याचे दात मोजले. दोन्ही टोकांना गज लावून ओढून बघितला. पाणसळ लावून पातळी बघितली. मग गुडघ्यांवर बसून खालची पिन टॉर्चनं बघितली. "सरळ हाय," ते म्हणाले. "ढिला बी न्हाई."

"उभ्या गाडीत नसेल. उतारावर होत असेल."

"मग उताराव बघू."

एवढ्यात देशमाने सर गर्दीतून वर आले होते. "मालनबाई, तुमच्या खडूसाठी अख्खी राइड बंद?"

"सर, तुम्ही बसा डावीकडे. तुमचं वजन पुरेसं आहे."

सर आधी रागावले, मग बसले, कारण फुकटची फेरी सोडणाऱ्यांतले ते नव्हते. मी रेघ ओढली. रिकाम्या गाडीत आम्ही दोघं शेवटी, साखळीची कटकट, वरून दिसणारा कृष्णेचा पट्टा, आणि मग पोट वर येऊन सगळं खाली. परत आल्यावर मिस्त्रींनी सरांच्या शर्टाच्या पाठीला बोटं लावली. दोन.

"बघा," सर म्हणाले, "बार ठणठणीत आहे."

"तुमचं पोट अडतंय," मी म्हणाले. "कल्पना, तू ये. परत बस."

"मला च्या प्यायचाय."

"नंतर पी. मिस्त्रींचा वेळ चाललाय."

"मला गरगरतंय, मालन. राहू दे की. बार बरा हाय म्हणत्यात ना ते."

"साडेचार बोटं उचलली गेलीस तू! आणखी दोन बोटांनी बाहेर असशील, कळतंय का?" मी एवढ्या मोठ्यानं बोलले की रांगसुद्धा गप्प झाली. "मी तुला तिथं मरायला बसवू का?"

कल्पनानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मला वाटलं, घाबरलीय.

मिस्त्री मधे पडले आणि कल्पनाकडे वळले. "ताई, असं करा. ह्या बारीला तुमी उजवीकडं बसा, ह्या डावीकडं बसतील. बार खराब असंल तर ह्यांची उचल वाढंल. तुमाला भ्या न्हाई."

तिला नाही म्हणायला जागाच उरली नाही. जुने पट्टे झटकून, नव्या रेघा ओढून आम्ही बाजू बदलून बसलो. बार खाली आला आणि माझ्या मांड्यांवर घट्ट बसला. चढावर ती एक शब्द बोलली नाही. एरवी साखळी लागली की ती "चल गं घोरपडे, चढ गं बाई" असं काहीतरी म्हणायची. उतारावर मी डोळे मिटले, कारण मला फेकलं जायची खरंच भीती वाटत होती. फेकली गेले नाही. दोन बोटं उचलली गेले असेन, रोजच्यासारखी.

खाली मिस्त्रींनी आधी माझी पाठ बघितली. दोन बोटं. मग कल्पनाच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले. हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग मला खुणेनं बोलावलं.

पट्टा पाच बोटांचा होता. उजव्या सीटवर.

"म्हणजे उजवीकडचाही गेला," मी म्हणाले.

मिस्त्रींनी चष्मा परत कपाळावर चढवला. "फॉल्ट गाडीत न्हाई, ताई."

"मग कशात?"

"बार एकच हाय. खाली येतो तो जाड मांडीव अडतो. दोघी सारख्या असल्या तर दोघींना सारखा बसतो. एक बारीक असली की तिच्याकडं फट ऱ्हाती." ते हळू आवाजात बोलत होते, मला एकटीलाच ऐकू येईल एवढ्या. "तुमची वही बरोबर हाय. पाच म्हैने तुमी बार न्हाई मोजला."

मी वळून बघितलं तर कल्पना जिन्यावरून खाली निघाली होती.

मी रस्त्यानं जाणाऱ्या बाईकडे बघून छत्तीस की अडतीस ते सांगते. ब्लाउजला किती कापड लागेल ते दुकानात शिरणाऱ्या बाईच्या चालीवरून ओळखते. आणि आता जिन्यावर माझ्या मैत्रिणीची पाठ बघत होते. थंडी सरत आली तरी अंगात स्वेटर, त्याच्याखाली कुर्ता, त्याच्याखाली आणखी एक काहीतरी, दोन्ही खांद्यांवर पिना लावून पसरलेली ओढणी. दिवाळीपासून तिनं माझ्याकडे एक कपडा शिवायला टाकला नव्हता. "पुष्कळ आहेत गं," म्हणायची. मी म्हटलं होतं, शहाणी झाली.

ती डुबकीच्या मागच्या बाकावर जाऊन बसली होती, जिथं होडी पाण्यात आपटताना दिसते. मी शेजारी बसले. एक होडी आली, आपटली, आठ माणसं किंचाळली आणि चिंब होऊन उतरली. एका जाड बाईचा ड्रेस अंगाला चिकटला होता आणि ती खदाखदा हसत तो सोडवत होती.

ते बघता बघता मला कळलं.

"ऑक्टोबरपासून तू होडीत बसली नाहीस," मी म्हणाले.

"हं."

"मला वाटलं, मी तुला पटवलं."

"वाटू दिलं. तुला किती बरं वाटत हुतं. पेढे आणणार हुतीस."

"कल्पना."

"काय?"

"काय होतंय तुला?"

पुढची होडी आपटली. मग तिनं सरळ सांगून टाकलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. रोज संध्याकाळी ताप. सकाळी खोकला. रात्री घामानं उशी भिजते. सहा महिने होत आले. घरात दत्तूभाऊंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सांगितलंय की उपास धरलेत म्हणून उतरलेय.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"न्हाई."

"का?"

"आमच्या शाळंत माझ्या आधी सुमनवहिनी शिजवायच्या. त्यांना खोकला लागला. तपासलं, नाव कळलं. दुसऱ्या दिवशी काम गेलं ते गेलंच, पण बाई, वरीसभर त्यांच्या घरचं पाणी कुणी प्यालं न्हाई. बऱ्या झाल्या तरी. एकदा नाव लागलं की लागलं." तिनं ओढणी सारखी केली. "तपासलंच न्हाई तर नाव कुठनं लागंल?"

"आणि पोरं? त्यांची खिचडी शिजवतेस तू."

"येवढं कळतंय मला." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "दिवाळीपासनं शाळंत पाय ठेवला न्हाई. नणंदेला उभी केलीय माझ्या जागी. गुडघं दुखत्यात म्हणून सांगितलंय."

"मग इथं कशाला येत होतीस? घरी पडून राहायचं."

"इथं यायला मिळतंय तवर आपण बरं हाय, असं वाटायचं. ती पाटी हाय बघ वर, आजारी माणसानं बसू नये म्हणून. मी तिच्याखालनं जायची आणि कुणी अडवायचं न्हाई." ती हसली. "तू पट्टा बघून 'तीन! पावणेचार!' असं वरडायचीस, तवा मी ओढणी पुढं ओढून घ्यायची. म्हटलं, हिला आता कळतंय. तुला कळेचना. येवढी हुशार बाई."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. "मी दीडशे माणसांसमोर त्या लोखंडावर आळ घेतला. तुझ्यामुळं."

"मी कुठं म्हटलं गाडी अडव? मला उतरवायची. 'कल्पे, उद्यापासनं तिथं बसू नको' म्हणायचं. झालं."

"तू उतरली असतीस तर तिथं दुसरं कुणीतरी बसलं असतं ना!"

हे मी सीटबद्दल म्हणाले. शपथेवर सांगते, माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. पण कल्पनानं दुसरंच ऐकलं. होडी आली, आपटली, पाण्याचे थेंब बाकापर्यंत उडाले. तिनं ते पुसले नाहीत.

ती म्हणाली, "चिमी माझ्याजवळ झोपती."

चिमी तिच्या थोरल्या पोराची पोर. सहा वर्षांची होती तेव्हा.

मी तिच्याकडे वळून बसले.

"हातावर डोकं ठिवल्याबिगार झोपत न्हाई. मी तोंड पलीकडं करून झोपती. पण ती झोपंत वळती की." तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि त्या रुंद सलवारीत मांड्या कापडाच्या किती खाली आहेत ते मला दिसलं. "दवाखान्याचा केसपेपर किती वाजता निघतो?"

"साडेआठला खिडकी उघडते."

"तू ये. माझ्या गावच्या कुणाला न्हाई सांगायचं."

"सातच्या एसटीनं येते."

"साडेआठ म्हणजे साडेआठ. तुझा एरवीचा उशीर चालायचा न्हाई."

जाताना मी एकटीच घोरपडीकडे वळले. मुलाणी मिस्त्री चाकांना ग्रीस लावत होते. मी म्हणाले, "मिस्त्री, माझी चूक झाली. गाडी बंद करायला लावली."

"चूक कसली? बार सुटला नव्हता हे आता मला बी ठावं झालं." ते मान वर न करता म्हणाले. "त्या ताईंना दवाखान्यात न्या मातुर लवकर."

पुढचं आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याला टांगून ठेवलेलं मला आवडत नाही. टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या, त्यातले दोन फार वाईट, चिमी तपासून निर्धास्त, शाळेचं काम मात्र परत मिळालं नाही. तिनं पुढच्या वर्षी गावातच मसाल्याची गिरणी टाकली, आणि आज ती साठीला आलीय आणि मला फोनवर सांगते की लिहितेस ते लिही, पण मला रडकी दाखवू नकोस. मी कुठं दाखवली? ती रडलीच नव्हती.

त्या सोमवारी मी आठ वाजून दहा मिनिटांनी उंब्रजच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात पोचले तर ती आधीच येऊन उभी. तीन खिडक्या, तीन रांगा. रांगांतलं आम्हाला कुणी शिकवायला नको. तिनं एका नजरेत तिन्ही तोलल्या आणि मला दंडाला धरून मधल्या रांगेत ओढलं. "डावीकडं सगळी जोडीजोडीनं आल्यात, वेळ लागंल. उजवीकडच्या खिडकीतला माणूस आतापासनंच सारखा उठतोय. ही चालंल."

खरंच चालली. खिडकी उघडल्यावर वीस मिनिटांत आम्ही पुढं होतो. खिडकीत एक बाई होती, केसांत अबोलीचा गजरा, समोर कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा.

"पेशंट कोण?"

कल्पनानं माझ्याकडे बोट केलं. "ह्या."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आदल्या दिवशी मी तिच्यासाठी पुष्कळ बोलले होते. अख्खी गाडी थांबवली होती. ही खिडकी तिची होती.

"नाव सांगा."

"मालन..." कल्पना म्हणाली, आणि थांबली.

"मालन काय?" बाईंनी 'मालन' लिहून पेन वर धरलं. मागून कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, सरका की पुढं. कल्पना त्या कागदावरच्या माझ्या नावाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मनातल्या मनात काहीही म्हणत नव्हते, कारण तिला ऐकू गेलं असतं.

"खोडा ते," ती म्हणाली. "कल्पना दत्तात्रय ओतारी. वय त्रेचाळीस."

बाईंनी खोडलं. "काय होतंय?"

"ताप. खोकला. सहा म्हैने झालं. लई वाळलीय मी."

"वजन किती होतं आधी?"

"अडुसष्ट."

"आणि आता?"

कोपऱ्यात भिंतीला लागून वजनाचा काटा होता. त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. कल्पनानं तिकडे बघितलं, चपला काढल्या, आणि पावलं उचलत खिडकीला पाठमोरी होऊनच म्हणाली,

"माहीत न्हाई. मोजा."